एल४-एल५ची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया : पाय सुटेल, पण गादीचं काय?

निवांत

नमस्कार मंडळी. मणक्याबद्दलचे जुने धागे चाळले. त्यात मालिश, पोटली आणि 'ऑपरेशनच्या नादी लागू नका' याच्या पलीकडे फारसं हाती लागलं नाही, म्हणून नवा धागा काढतोय.

वय ४१, नाशिक. काम बैठं, शिवाय रोज अंबडपर्यंत बाईक. डाव्या पायात सायटिका. एमआरआयमध्ये एल४-एल५ची, म्हणजे कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली, गादी (डिस्क) डावीकडे फाटून तुकडा बाहेर आलेला दिसतो, नस दाबलेली आहे. गोळ्या, फिजिओ, मणक्यातलं इंजेक्शन, सगळं करून झालं. आता पायाचा अंगठा वर उचलायला जोर कमी पडतो, त्यामुळे ऑपरेशन करावं यावर तिन्ही डॉक्टरांचं एकमत आहे. पद्धत मात्र तिघांची तीन. एक म्हणतात, ट्यूब घालून मायक्रोस्कोपखाली करू. दुसरे म्हणतात, कुशीच्या बाजूने एंडोस्कोप, म्हणजे दुर्बीण, घालू, जागेपणीच, दुसऱ्या दिवशी घरी. तिसरे म्हणतात, आत्ताच स्क्रू टाकून दोन मणके जोडून घ्या, पुन्हा कटकट नको.

पाय दुखायचा थांबेल असं तिघंही सांगतात, आणि त्यावर माझा विश्वास आहे. मला विचारायचंय ते पुढचं. तुकडा काढल्यावर उरलेली गादी भार कसा घेते? वरच्या-खालच्या गाद्यांवर काय येतं? दवाखान्यात विचारलं तर 'छेद छोटा असतो हो, गादीला काही होत नाही' एवढंच ऐकायला मिळालं. ते काही पटलं नाही.

खवचट_काका

तिसऱ्या डॉक्टरांच्या नव्या मशीनचे हप्ते चालू असणार. बाकी जाणकार येतीलच. खुर्ची धरून बसलोय, पाठ टेकवून.

सुलूमावशी

निवांत, आमच्या यजमानांचं १९९४ साली झालं. तेव्हा दुर्बीण वगैरे आमच्या गावाकडे कुठली! पाठीवर वीतभर टाके आणि घरी आल्यावर फळीवर झोपवून ठेवलं होतं. पायाची कळ गेली ती आजतागायत परत आली नाही. पण कंबर कायमची आखडली. वाकून मोजे घालायचे तर अजूनही मला हाक मारतात. तेव्हा डॉक्टर अभिमानाने म्हणाले होते, 'सगळी गादी खरवडून साफ केली आहे.' ते चांगलं की वाईट हे आज तुमच्या धाग्यावर कळलं तर बरं.

टर्बाइन

मी डॉक्टर नाही. पोटापाण्यासाठी यंत्राच्या भागांचं फायनाइट एलिमेंट ॲनालिसिस करतो, म्हणजे कुठे किती ताण येतो ते संगणकावर मॉडेल करून बघतो. बहिणीच्या ऑपरेशनच्या वेळी कंबरेच्या मणक्यावरचे पेपर वाचत सुटलो होतो, त्या जोरावर लिहितोय.

बांधणीच्या दृष्टीने गादी म्हणजे टायर. बाहेरचं कडं, ज्याला ॲन्युलस म्हणतात, ते पंधरा ते पंचवीस पापुद्र्यांचं असतं. एका पापुद्र्यातले कोलॅजनचे धागे आडव्या रेषेशी साधारण ३० अंशांनी एकीकडे तिरपे, शेजारच्या पापुद्र्यातले तेवढेच उलटीकडे तिरपे. आत न्यूक्लिअस, म्हणजे पाणी धरून ठेवणारा गर. उभं राहिलं की गरावर दाब येतो, गर चहूबाजूंना ढकलतो आणि कड्याचे धागे ताणले जातात. निरोगी गादीत कडं मुख्यतः ताणून काम करतं, आणि धागा ताण उत्तम घेतो.

हा दाब किती असतो तेही मोजलेलं आहे. स्वीडनच्या नाकेमसन यांनी १९६०च्या दशकात जिवंत माणसांच्या गादीत सुई घालून मोजला. पुढे जर्मनीत उल्मला विल्के आणि सहकाऱ्यांनी एका निरोगी स्वयंसेवकाच्या एल४-एल५मध्येच, म्हणजे निवांतच्या बरोब्बर त्याच गादीत, दाबमापक बसवून त्याला दिवसभर वावरायला लावलं. १९९९ साली आकडे छापून आले. पालथं झोपल्यावर ०.१ मेगापास्कल (दाबाचं एकक), सरळ उभं राहिल्यावर ०.५, उभ्याने पुढे वाकल्यावर १.१, आणि २० किलोचं ओझं पाठीतून वाकून उचलताना २.३. कारच्या टायरमध्ये आपण ३२-३३ पीएसआय हवा भरतो, ती होते साधारण ०.२२. म्हणजे नुसतं रांगेत उभं असतानाही कंबरेतल्या गादीत कारच्या दुप्पट दाब, आणि सिलिंडर चुकीचा उचलला तर दहापट.

आता गर कमी केला की काय होतं? ब्रिंकमन आणि ग्रोटेनबोअर यांनी १९९१ साली मृतदेहांच्या मणक्यांवर प्रयोग केला. दर एक ग्रॅम गर काढल्यावर गादीची उंची सरासरी ०.८ मिलिमीटरने घटली आणि कडं ०.२ मिलिमीटरने जास्त फुगलं. कंबरेची गादी सेंटिमीटरभर उंच असते, त्या मानाने हे थोडं नाही. आतला दाब उतरला की कड्याचे आतले पापुद्रे आत झुकतात, धाग्यांवरचा ताण जातो आणि कडं स्वतःच चेपून भार घ्यायला लागतं. त्या कामासाठी ते बनलेलंच नाही. शिवाय उंची घटली की मागचे दोन छोटे सांधे, फॅसेट, एकमेकांवर जास्त घासतात. एरवी उभं असताना त्यांच्या वाट्याला दहा-वीस टक्के भार असतो, तो वाढतो.

म्हणून निवांत, कातडीवरचा छेद ८ मिलिमीटरचा की ३० चा, याचा गादीला पत्ताही नसतो. कड्याला भोक केवढं पडलं आणि आतून गर किती गेला, हे दोन प्रश्न विचारा.

लोकल_प्रवासी

टर्बाइन, प्रतिसाद वाचून पाठ ताठ झाली. वाचनखूण साठवली.

कण्हेर

मी स्पाइन सर्जन. इथे कुणाचे रिपोर्ट बघून सल्ला देत नाही, तो कृपया मागू नये. सर्वसाधारण लिहितो.

टर्बाइन यांचं यांत्रिकी बरोबर आहे, एक भर घालतो. बहुतेक प्रयोगांत आणि मॉडेलांत चांगल्या गादीतून गर काढतात आणि मग फरक मोजतात. आमच्यासमोर टेबलावर येते ती गादी आधीच पंक्चर असते. एमआरआयवर काळी पडलेली, पाणी उडालेलं, दाब आधीच उतरलेला. शिवाय मणक्यातल्या नसांच्या नळीत पडलेला तुकडा भार घेतच नव्हता, तो नुसता नसेवर बसला होता. तेवढाच उचलला तर गादीच्या यांत्रिकीत जवळजवळ काहीच बदलत नाही. बदलतं ते त्यानंतर आत शिरून आणखी किती ओरबाडलं त्यावर.

सुलूमावशी, यजमानांच्या डॉक्टरांनी त्या काळच्या रीतीप्रमाणेच केलं. बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी १९३४ साली दाखवलं की सायटिकाचं मूळ फुटलेल्या गादीत असू शकतं. त्यानंतर कितीतरी वर्षं मोठा छेद, मागचं हाड उघडून गादी जमेल तेवढी रिकामी करणं, अशीच पद्धत होती. हेतू हा, की आत काही उरलंच नाही तर परत बाहेर काय येणार? १९७७ साली यासारगिल आणि कास्पर यांनी स्वतंत्रपणे मायक्रोस्कोप वापरल्याचे अनुभव मांडले, १९९७ साली फोली आणि स्मिथ यांनी ट्यूबमधून एंडोस्कोप घातला. वाट अरुंद होत गेली. पण गादीत किती शिरायचं हा वाद अजून चालू आहे, आणि त्याचा वाटेच्या रुंदीशी संबंध नाही.

स्टॅनफर्डच्या कॅरागी यांनी २००६ साली दोन गटांची तुलना छापली. नुसता सुटा तुकडा काढला त्या गटात पुन्हा गादी फुटण्याचं प्रमाण १८ टक्के, आतूनही बऱ्यापैकी साफ केलं त्या गटात ९ टक्के. पण साफ केलेल्यांची कंबरदुखी जास्त, आणि एकूण समाधान कमी. नंतर अनेक अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हाही कल तोच निघाला. जास्त काढा, तर परत फुटण्याची भीती कमी पण कंबर धरते. कमी काढा, तर गादी राहते पण धाकधूकही राहते. मावशींच्या घरातल्या मोज्यांचं कारण बहुतेक याच हिशेबात आहे.

आणि भोक. त्याच कॅरागींनी २००३ साली शस्त्रक्रियेच्या वेळी कडं कसं दिसतं यावरून रुग्णांचे गट पाडले होते. कड्याला नुसती बारीक भेग आणि तुकडा सुटा, तर पुन्हा फुटण्याचं प्रमाण १ टक्का. कड्याला मोठं भगदाड, तर २७ टक्के. सर्जन तोच, पद्धत तीच. कड्याची बाहेरची कडा पातळ व्रणाने भरते, आतले पापुद्रे जवळपास भरतच नाहीत, कारण प्रौढ माणसाच्या गादीला आतून रक्तपुरवठा नसतो. भोक बुजवण्यासाठी हाडात रोवून बसवायची जाळी निघाली आहे. अमेरिकेत २०१९ साली तिला मंजुरी मिळाली, तीही मोठ्या भगदाडांसाठीच. सरसकट वापरायची ती वस्तू नाही.

निवांत

डॉक्टर, टर्बाइन, मनापासून धन्यवाद. म्हणजे भगदाड आहे की भेग, हे उघडल्यावरच कळणार?

कण्हेर

एमआरआयवरून अंदाज बांधता येतो, खात्री आत गेल्यावरच.

लोकल_प्रवासी

माझं कुशीतून एंडोस्कोपिक झालंय, ठाण्याला. अनुभव सांगतो. पालथं झोपवलं होतं, कंबरेच्या बाजूला फक्त जागा बधिर केली. डॉक्टर नसेजवळ आले की मी 'पायात करंट आला' म्हणायचं, ते थांबायचे. पडद्यावर गुलाबी, पांढरं, मधेच निळं काहीतरी तरंगत होतं. निळं म्हणजे गादी, रंग सोडून रंगवलेली. पाण्याची धार सतत चालू. चिमट्याने कापसासारखे पुंजके काढून त्यांनी ताटलीत ठेवले, नंतर दाखवले पण. टाका एक. संध्याकाळी चाललो.

पण आता धागा वाचून शंका आली. ते कुशीतून आत गेले म्हणजे माझ्या गादीच्या फुटलेल्या जागेतून गेले, की दुसरीकडून?

कण्हेर

नेमका प्रश्न. याबद्दल रुग्ण सहसा विचारत नाहीत.

कुशीतून जायची वाट म्हणजे काम्बिन त्रिकोण, बाहेर पडणाऱ्या नसेच्या खालची मोकळी जागा. तिथून पुढे दोन रीती आहेत. एकीत नळी आधी गादीच्या आत नेऊन टेकवतात आणि आतून बाहेर येत तुकड्यापर्यंत पोचतात. दुसरीत नळी गादीच्या बाहेरच ठेवून थेट तुकडा गाठतात, वाटेत फॅसेटचा थोडा कोपरा घासावा लागतो. पहिल्या रीतीत कड्याच्या शाबूत भागाला नवं भोक पडतं. फुटलेली जागा वेगळी आणि शिरलेली जागा वेगळी, असं होऊ शकतं. मागून ट्यूबने जाताना आम्ही सहसा जिथे फाटलंय तिथूनच काम करतो. कातडीवर सगळ्यात छोटी खूण असलेली पद्धत गादीच्या बाबतीत सगळ्यात सौम्य असेलच असं नाही.

सुईच्या भोकानेही फरक पडतो का, याचा एक अभ्यास मला नेहमी आठवतो. गादीत बारीक सुईने रंग सोडून तपासणी केलेल्या लोकांचे एमआरआय सात ते दहा वर्षांनी पुन्हा काढले. टोचलेल्या गटात ३५ टक्के गाद्यांची झीज वाढलेली, न टोचलेल्या सारख्याच लोकांच्या गटात १४ टक्के. कॅरागींचाच, २००९. त्यात रंग आणि दाब यांचाही वाटा असेल. तरी तो वाचल्यापासून मी शेजारच्या गादीत 'बघून घेऊ' म्हणून सुई घालणं सोडलं.

तुमच्या बाबतीत काळजी करत बसू नका. तुमची गादी फुटलेलीच होती आणि तुम्ही चालताय.

मृद्गंध

फिजिओथेरपिस्ट आहे, कोल्हापूर. दोन दिवस वाचतेय. गादी-गादी चाललंय, पण स्नायूंचं कुणी बोलतच नाहीये!

मणक्याला लागून मल्टिफिडस नावाचा स्नायू असतो, त्याचे एकेका मणक्याला बांधलेले छोटे पदर. मोठ्या उघड्या शस्त्रक्रियेत तो हाडावरून सोलून तासन्‌तास ताणून धरला की त्यात चरबी भरते आणि तो आळशी होतो. मग धक्का आला की भार सरळ गादी आणि फॅसेटवर. ट्यूबमध्ये स्नायूचे धागे बाजूला सारतात, तोडत नाहीत. मणक्यांच्या मागच्या टोकांमधले लिगामेंट पण शाबूत राहतात, वाकताना तेच लगाम घालतात. हा फायदा पटण्यासारखा आहे. पण खरं सांगायचं तर, साध्या डिस्कच्या ऑपरेशनात तो रुग्णाच्या दुखण्यात दिसतोच असं नाही. नेदरलँड्समध्ये ३२८ रुग्णांवर ट्यूब विरुद्ध नेहमीची मायक्रोडिसेक्टमी (छोट्या छेदातून मायक्रोस्कोपखाली तुकडा काढणं) अशी चाचणी झाली, २००९ साली छापली. ट्यूबवाले पुढे नव्हते, उलट पाय आणि कंबरदुखीत किंचित मागेच होते. नंतर २०२२ साली त्याच देशात ६१३ रुग्णांवर कुशीतल्या एंडोस्कोपीची चाचणी झाली, ती नेहमीच्या पद्धतीपेक्षा कमी ठरली नाही.

म्हणून पेशंटला मी सांगते, ज्या सर्जनचा ज्या पद्धतीवर हात बसलाय तीच घ्या.

खवचट_काका

मृद्गंधताई, +१. आता त्या तिसऱ्या डॉक्टरांचा समाचार कोण घेतंय?

टर्बाइन

काका, घेतो. पण तुमच्याइतका खवचटपणा जमणार नाही.

दोन मणके जोडले की तिथली हालचाल संपते. मग कंबर वाकवायची तर ते काम एल३-एल४ आणि एल५-एस१ने, म्हणजे लगेच वरच्या आणि खालच्या गादीने, उचलायचं. एक गाजलेला अभ्यास आहे, गिझेली आणि सहकाऱ्यांचा, २००४. कंबर जोडलेल्यांपैकी साधारण १६ टक्क्यांना पाच वर्षांत आणि ३६ टक्क्यांना दहा वर्षांत शेजारच्या मणक्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया लागेल असा त्यांचा हिशेब निघाला.

आता मॉडेलवाल्यांची गंमत. मॉडेलला 'जोडण्याआधी जेवढा जोर लावला तेवढाच नंतर लाव' असं सांगितलं तर शेजारच्या गाद्यांत फारसा फरक दिसत नाही. 'माणूस आधी जेवढा वाकत होता तेवढाच नंतरही वाकणार' असं सांगितलं तर शेजारच्या गाद्यांवरचा ताण चांगलाच वाढतो. आकडा मॉडेलमधून नाही, माणसाच्या सवयीबद्दल आपण काय गृहीत धरलं त्यातून येतो. स्टँडिंग टेबलवर काम करणारा बाबू आणि भात लावणारी बाई यांच्या शेजारच्या गाद्यांचं भवितव्य एकच असेल असं मला वाटत नाही. असे पेपर वाचताना आधी ही अट कुठे लिहिली आहे ते शोधा, रंगीत चित्रं नंतर.

कण्हेर

सहमत. आणि स्क्रू कातडीतून छोट्या छेदाने टाकले तरी जोड तो जोडच. स्नायू वाचतात, पण शेजारच्या गादीला हालचाल हरवल्याचं कळायचं ते कळतंच. वर स्क्रूचं डोकं वरच्या फॅसेटमध्ये घुसलं तर तिथला सांधा बिघडतो, त्याला छोट्या छेदाच्या पद्धतीत विशेष जपावं लागतं.

जोडणं लागतंच अशा जागा आहेत. मणका पुढे सरकलेला असेल, हालचालीच्या एक्स-रेत अस्थिर दिसत असेल, नस मोकळी करताना फॅसेट अर्ध्याहून जास्त काढावा लागणार असेल. पहिल्यांदाच फुटलेली गादी, मणका स्थिर, पायाचं दुखणं मुख्य, अशा वेळी जोडण्याचं कारण मला सापडत नाही. पुन्हा फुटली तरी दुसऱ्यांदा नुसता तुकडा काढता येतो.

एक सूचना, वाचणाऱ्या सगळ्यांसाठी. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बैठकीच्या जागेला बधिरपणा आला, पाय झपाट्याने लुळा पडायला लागला, तर धागे वाचत बसू नका. त्याच रात्री इमर्जन्सी गाठा.

निवांत

ट्यूबवाल्या डॉक्टरांकडे पुन्हा जाऊन आलो. कागदावर चार प्रश्न लिहून नेले होते. सुटा तुकडाच काढणार की आतही शिरणार? कड्याला नवा छेद देणार का, आणि चौकोनी की नुसती चीर? फॅसेट किती जाईल? भगदाड मोठं निघालं तर काय?

आधी भुवया वर गेल्या. मग हसून खुर्ची जवळ ओढली आणि एमआरआयच्या आडव्या कापावर पेनाने दाखवलं. फाटलंय तिथूनच जाणार, आत हूक फिरवून जे सैल हाताला लागेल तेवढंच काढणार, नवी चीर लागली तर धाग्यांच्या रेषेत, चौकोन कापणार नाही. फॅसेटचा आतला कोपरा, अर्ध्याच्या खूप आत. भगदाड निघालं तर पुन्हा फुटण्याची शक्यता जास्त, ते स्पष्ट सांगितलं. पुढच्या गुरुवारची तारीख घेतली.

आता व्यवहाराचा प्रश्न. एका नातेवाइकाने सांगितलंय की ऑपरेशननंतर सहा आठवडे बसायचंच नाही, जेवायचं पण उभ्याने. खरंय का? आणि बाईक?

मृद्गंध

बसायला बंदी नाकेमसनच्या जुन्या आकड्यांवरून आली. त्यांच्या मोजणीत बसल्यावर दाब उभ्यापेक्षा जास्त निघाला होता. विल्केंच्या मोजणीत आधाराशिवाय ताठ बसल्यावर ०.४६, म्हणजे उभ्याइतकाच, आणि खुर्चीत रेलून सैल बसल्यावर ०.३, उभ्यापेक्षा कमी! तेव्हा जेवा बसून, पाठ टेकवून. फक्त एका जागी फार वेळ नको, मधूनमधून उठा. १९९९ सालच्या एका अभ्यासात १५२ रुग्णांना ऑपरेशननंतर कुठलंच बंधन घातलं नव्हतं, बहुतेक जण लवकर कामावर गेले आणि त्याचा तोटा दिसला नाही. तरी तुमचे सर्जन जे सांगतील ते शेवटचं, कारण तुमचं कडं त्यांनी पाहिलेलं असणार.

सकाळचा पहिला तास मात्र जपा. रात्रभर गादी पाणी शोषते. विल्केंच्या स्वयंसेवकाच्या गादीतला दाब झोपेत ०.१ वरून ०.२४ झाला होता. टम्म फुगलेल्या गादीवर वाकण्याचा ताण जास्त येतो. उठल्या उठल्या वाकून केर काढणं, खाली बसून बूट बांधणं, बादली उचलणं, हे आंघोळ-चहा झाल्यावर. अंगठ्याची ताकद यायला वेळ लागतो, ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी उचलून बघत बसू नका.

बाईकचं म्हणाल तर, बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला चार ते सहा हेलकाव्यांना सगळ्यात जास्त थरथरतो आणि गाडीच्या सीटवरून येणारे धक्के साधारण त्याच पट्ट्यात असतात. अंबडच्या रस्त्याचं मी काही सांगायला नको. सुरुवातीला कंपनीची बस बघा.

सुलूमावशी

यजमानांना वाचून दाखवलं. म्हणाले, सकाळी नको तर मोजे दुपारी घालायला बोलावतो. निवांत, गुरुवारनंतर इथे कळव हो.

खवचट_काका

आणि ताटलीतला तुकडा बघायला मागा. फोटो मात्र धाग्यावर टाकू नका, मी जेवता जेवता वाचतो.